नर्सिंगकडे वळताय? कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधीचा हिशेब

तिशी उलटल्यावर मी हिशेबाच्या टेबलावरून उठून वॉर्डात आले. माझ्याबरोबर शिकणाऱ्यांत वय वाढल्यावर आलेल्या आम्ही सात-आठ जणी होतो आणि जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर कर्ज होतं. गंमत अशी, की जिचं कर्ज सगळ्यात मोठं ती सगळ्यात निवांत होती. आणि जिचं जेमतेम तिच्या निम्मं, तिला हप्त्याची तारीख जवळ आली की झोप लागायची नाही. नोकरीचं पहिलं वर्ष सरल्यावर मला त्याचं कारण कळलं. पहिलीला वॉर्ड मानवला नाही, तेव्हा तिने सहाव्या महिन्यात राजीनामा दिला, दोन महिने घरी बसली आणि दुसरीकडे रुजू झाली. दुसरीला ते परवडणारं नव्हतं. पाठ धरली, इनचार्जशी खटके उडाले, तरी ती त्याच वॉर्डात राहिली, कारण एक महिना पगार चुकला असता तर हप्ता चुकला असता.

नर्सिंगसाठी कर्ज घ्यावं की नाही, हा प्रश्न मला लोक विचारतात तेव्हा मी याच दोघींचा विचार करते. नर्सचं पहिलं वर्ष अवघड असतं. त्या वर्षात ‘मी इथून जाते’ म्हणायची मुभा ज्या कर्जात उरते, तेवढंच कर्ज घ्यावं, असं माझं मत आहे. पुढचा सगळा हिशेब त्या मापाने केलेला आहे.

पायरी १: बँकेत जाण्याआधी वॉर्डात जा

नर्सिंगच्या कर्जातलं सगळ्यात वाईट कर्ज म्हणजे अर्धवट सोडलेल्या अभ्यासक्रमाचं. परवाना हातात नाही, जुनी नोकरी गेलेली, आणि कर्ज मात्र तसंच उभं. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात दर वर्षी पाव कर्ज उचललं जातं असं धरा. पहिल्या वर्षी पाय मागे घेणाऱ्याच्या डोक्यावर पाव कर्ज राहतं, तिसऱ्या वर्षी सोडणाऱ्याच्या डोक्यावर पाऊण. त्यामुळे शंका यायची असेल तर ती लवकर यावी, आणि शक्य असेल तर प्रवेशाच्या आधीच यावी.

त्यासाठी काही आठवडे मदतनीस म्हणून काम करा. वृद्धाश्रम, घरी जाऊन रुग्णसेवा, रुग्णालयातलं स्वयंसेवकाचं काम, जे मिळेल ते. रक्त बघवतं का, याची चाचणी घ्यायला जाऊ नका, त्याची सवय होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवून स्वच्छ करणं, मग पाठोपाठ तेच दुसऱ्याचं, आणि तिसऱ्याच्या नातेवाइकाचं ओरडणं ऐकत चौथ्याच्या औषधाची वेळ सांभाळणं, हे तुम्हाला कसं वाटतं ते बघा. निदान एक रात्रपाळी पूर्ण करा. पहाटे चार ते सहा या दोन तासांत जे कळतं ते माहितीपत्रकात नसतं.

याच टप्प्यावर ज्या महाविद्यालयाचा विचार करताय त्याला तीन गोष्टी लेखी विचारा: प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत पूर्ण करतात, परवाना परीक्षा पहिल्या प्रयत्नात किती जण पास होतात, आणि क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण, नेमकी कुठल्या रुग्णालयांत असते. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच आहे. शिवाय, जिथे काम करायचं आहे तिथल्या नर्सिंग परिषदेची त्या संस्थेला आज मान्यता आहे का, हे संस्थेच्या फलकावरून न ठरवता परिषदेच्याच यादीत तपासा. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बोगस पदविका विकल्या गेल्याचं प्रकरण न्याय खात्याने उघड केलं. पैसे मोजून मिळवलेला तो कागद पुढे परवान्याच्याच मुळावर आला. ‘वेळ वाचवून देतो’ म्हणणारा माणूस बहुधा तुमचा वेळ वाचवत नसतो.

पायरी २: वाटा मोजा, पण तासांत

वय वाढल्यावर वळणारा माणूस आधी विचारतो, ‘किती वर्षं लागतील?’ त्याऐवजी किती तास, आणि त्यातले किती तास वॉर्डात, ते विचारा. युरोपीय संघाच्या २००५च्या नियमावलीत सर्वसाधारण नर्सच्या शिक्षणासाठी किमान तीन वर्षं आणि ४,६०० तास सांगितले आहेत, आणि त्यातले निदान निम्मे तास प्रत्यक्ष क्लिनिकल शिक्षणाचे. म्हणजे २,३००. आठवड्याला ४० तासांनी भागलं तर साधारण ५८ आठवडे होतात. एक अख्खं वर्ष आणि वर दीड महिना तुम्ही पूर्णवेळ वॉर्डात असता, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा पगार नसतो. शिवाय त्या पोस्टिंगचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं. सकाळची पाळी, मग दुपारची, मग रात्रीची. ‘शिकता शिकता जुनं काम अर्धवेळ चालू ठेवीन’ हे गृहीत ज्यांनी धरलेलं असतं, त्यांचा हिशेब इथे कोसळतो.

दुसऱ्या टोकाला जलद अभ्यासक्रम आहेत. आधीची पदवी असलेल्यांसाठी अमेरिकेत ११ ते १८ महिन्यांचे वेगवान कार्यक्रम चालतात. वेळ वाचतो हे खरं, पण त्या काळात नोकरी करणं जवळपास अशक्य असतं आणि सगळी फी एकदम अंगावर येते. तरीही पस्तिशी-चाळिशीतल्या माणसासाठी बऱ्याचदा हाच मार्ग स्वस्त पडतो, कारण बुडणारा पगार कमी महिन्यांचा असतो. तो कसा, ते तिसऱ्या पायरीत येईल.

तिसरी वाट शिडीची: आधी मदतनीस, मग छोटी पदविका, नोकरी, आणि पुढची पदवी नोकरीत राहून. ही लांबते. पण प्रत्येक पायरीवर थांबायची सोय असते आणि कर्ज तुकड्यातुकड्यांनी घ्यावं लागतं. घरात दुसरं कमावतं माणूस नसेल तर मी हीच सुचवते. आधीच्या पदवीतले विषय, उदाहरणार्थ शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, यांची सूट मिळते का तेही प्रवेशाआधी लेखी घ्या. ‘बघू’ म्हणणाऱ्या कार्यालयाच्या भरवशावर एका सत्राची फी सोडून देऊ नका.

पायरी ३: खरा खर्च काढा

फी हा खर्चातला दिसणारा भाग. त्याखाली गणवेश, पुस्तकं, लसीकरण आणि वैद्यकीय तपासण्या, पोस्टिंगच्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास, परीक्षा शुल्क, नोंदणी शुल्क, मुलं लहान असतील तर रात्रपाळीत त्यांना सांभाळणाऱ्याचे पैसे. ही यादी सगळे करतात. जो आकडा कुणी लिहीत नाही, तो म्हणजे सोडलेला पगार.

उदाहरण घेऊ. चलन कोणतंही असो, आज तुमच्या हातात महिन्याला १०० पडतात असं धरा. तीन वर्षं नोकरी सोडली तर ३६ महिन्यांचे ३,६०० गेले. फी आणि इतर शैक्षणिक खर्च १,०००, त्यासाठी घेतलेल्या कर्जावर पूर्ण मुदतीत ७०० व्याज. एकूण ५,३००. नर्स झाल्यावर हातात १२० पडू लागले, म्हणजे महिन्याला २० जास्त, तर हा खर्च भरून निघायला २६५ महिने लागतात. बावीस वर्षं! तेच १५० पडले तर १०६ महिने, म्हणजे नऊ वर्षांच्या आत. आणि पगार आजच्याइतकाच मिळणार असेल, तर पैशांच्या हिशेबात हा बदल कधीच भरून निघत नाही.

हे वाचून बेत मोडीत काढू नका. मी स्वतः हा हिशेब केला होता, उत्तर माझ्या विरोधात आलं होतं, आणि तरी मी गेले. पण मला ठाऊक होतं की मी पैशांसाठी जात नाहीये, आणि म्हणून मी कर्ज लहान ठेवलं. ज्याला पैशांसाठीच जायचंय त्याने हा आकडा दोनदा काढावा.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली, घरखर्च दोनदा धरणं. शिकताना राहण्या-जेवणाचा खर्च होतो, पण तो न शिकताही झालाच असता. सोडलेला पगार मोजला असेल तर घरखर्च वेगळा मिळवू नका. मात्र दर महिन्याला घर कशावर चालणार, या दुसऱ्या प्रश्नासाठी तो वेगळा लिहावाच लागतो. ‘हे परवडेल का’ आणि ‘यात फायदा आहे का’ हे दोन निराळे कागद आहेत. एकाच कागदावर दोन्ही मांडले की गोंधळ होतो.

दुसरी चूक, जुन्या नोकरीचा पगार कायम राहील असं धरणं. तुमचं क्षेत्र आटत चाललं असेल, दर दोन वर्षांनी माणसं कमी होत असतील, तर तुलना आजच्या पगाराशी करायची नाही, पाच वर्षांनी तिथे जे उरेल त्याच्याशी करायची. हे काढायला अवघड आहे, पण निदान दोन आकडे लिहा: एक बरा, एक वाईट.

आणि एक रिकामा काळ राहूनच जातो: शेवटची परीक्षा ते पहिला पगार. निकाल, परवाना परीक्षा, नोंदणी, मुलाखती, रुजू होणं. अमेरिका आणि कॅनडात वापरल्या जाणाऱ्या एनक्लेक्स परीक्षेत अपयश आलं तर सर्वसाधारणपणे पुन्हा बसायला ४५ दिवस थांबावं लागतं. असे नियम बहुतेक देशांत कुठल्या ना कुठल्या रूपात आहेत. सहा महिन्यांचा घरखर्च या काळासाठी बाजूला हवा, आणि तो कर्जातून काढलेला नको.

पायरी ४: कर्ज सहीच्या दिवशी जेवढं असतं तेवढं राहत नाही

इथे जरा सावकाश वाचा, कारण बँकेतला माणूस हे इतकं उलगडून सांगत नाही.

समजा १०० कर्ज मंजूर झालं, व्याज वर्षाला १० टक्के, अभ्यासक्रम चार वर्षांचा, दर वर्षाच्या सुरुवातीला २५ उचलायचे, आणि अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष हप्त्याला सूट. या काळात सरळव्याज लागतं असं धरू, म्हणजे हिशेब सौम्य बाजूचा. पहिल्या २५ वर चार वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर तीन, मग दोन, मग एक. अभ्यासक्रम संपेपर्यंत २५ व्याज झालं. सुटीच्या वर्षाचं आणखी १०. पहिला हप्ता यायच्या दिवशी तुमचं कर्ज १०० नाही, १३५ आहे. ‘हप्त्याला सुट्टी’ म्हणजे व्याजाला सुट्टी असा समज मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकला आहे.

आता १३५ वर १० टक्क्यांनी हप्ता बसवू.

७ वर्षांची मुदत: महिन्याला २.२४, एकूण परतफेड साधारण १८८.
१० वर्षांची मुदत: महिन्याला १.७८, एकूण साधारण २१४.
१५ वर्षांची मुदत: महिन्याला १.४५, एकूण साधारण २६१.

दहावरून पंधरा वर्षांवर गेलात तर हप्ता एक पंचमांशाहून थोडा कमी हलका होतो आणि त्याची किंमत ४७ मोजावी लागते, म्हणजे मूळ कर्जाच्या जवळपास निम्मी. तरीही मी लांब मुदत घ्यायला सांगते, एका अटीवर: मुदतीआधी फेडण्यावर दंड नसावा. लांब मुदतीचा लहान हप्ता तुम्हाला पहिल्या वर्षात मोकळं ठेवतो, आणि पगार स्थिरावला की जास्तीचे पैसे भरून मुदत तुम्हीच कमी करता. दंड असेल तर मात्र हा डाव चालत नाही.

शिकत असताना नुसतं व्याज भरता आलं तर? त्या पाच वर्षांत ३५ हळूहळू भरले, तर हप्ता सुरू होताना कर्ज १०० च राहतं. दहा वर्षांचा हप्ता १.३२ होतो, आणि एकूण खर्च १९४ च्या आसपास. २० वाचले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर महिन्याचं ओझं पावपटीहून जास्त कमी झालं. घरच्यांना ‘मला काय मदत करू?’ असं विचारायची सवय असेल, तर हे उत्तर तयार ठेवा.

व्याजदर बदलता असेल तर दर १० वरून १२ झाल्यावर काय होतं तेही मांडून बघा: १३५ वर दहा वर्षांचा हप्ता १.७८ वरून १.९४. नऊ टक्के वाढ, आणि तुमचा पगार त्या महिन्यात वाढलेला नसतो.

हे सगळं ठरावीक हप्त्याच्या कर्जाचं झालं. काही देशांत परतफेड उत्पन्नाशी बांधलेली असते. इंग्लंडमध्ये पदवीच्या सरकारी कर्जासाठी ठरावीक मर्यादेच्या वरच्या उत्पन्नाच्या ९ टक्के कापले जातात, उत्पन्न मर्यादेखाली गेलं की कपात थांबते. अशा कर्जाला घाबरण्याचं माप वेगळं. ते पगारावरच्या जादा करासारखं वागतं आणि नोकरी सोडण्याची मुभा हिरावत नाही. तुमच्या समोरचं कर्ज कुठल्या जातीचं आहे ते आधी ओळखा, मग आकड्याने दचका. दुसऱ्या पदवीला सरकारी कर्ज मिळतं का, हेही तपासा. पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. इंग्लंडने नर्सिंगला या बंदीतून वगळलं आहे, म्हणजे तिथे ते मिळू शकतं.

पायरी ५: हप्ता कुठल्या पगारावर मोजायचा

‘नर्सला कामाची ददात नाही’ हे वाक्य तुम्ही आतापर्यंत दहा जणांकडून ऐकलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि तरी ५८ लाखांची तूट होती. आकडा खरा आहे. पण तूट आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे नर्सची गरज सगळ्यात जास्त, तिथे त्यांना पगार द्यायला पैसे नसतात, आणि म्हणून एकाच देशात नर्सविना वॉर्ड आणि बेकार नर्स दोन्ही दिसतात. जगाच्या तुटीतून तुमचा हप्ता भरला जात नाही. तुम्ही राहता तिथून जाता येईल अशा अंतरावरच्या चार-पाच रुग्णालयांत नव्या नर्सला काय मिळतं, तेवढाच आकडा कामाचा.

तो मिळवायचा तर जाहिरातीत बघू नका. गेल्या दोन वर्षांत पास झालेल्या किमान पाच जणांना भेटा आणि ‘पगार किती?’ असं न विचारता ‘पहिल्या महिन्यात खात्यात किती जमा झाले?’ असं विचारा. त्यातून रात्रपाळीचा भत्ता, डबल ड्युटी, सुट्टीच्या दिवशी केलेलं काम हे सगळं वजा करा. उरेल तो पाया. हप्ता याच पायावर बसला पाहिजे.

भत्ते का वगळायचे? कारण ज्या दिवशी तुम्हाला रात्रपाळी नको वाटेल, त्या दिवशी ती नाकारता आली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आणि २०१९मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. चाळिशीत नव्याने रात्री जागायला सुरुवात करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. महिन्याला आठ रात्री केल्या तरच हप्ता निघतो, असं कर्ज म्हणजे त्या आठ रात्रींवर आधीच केलेली सही.

माझी स्वतःची मर्यादा होती हातात येणाऱ्या मूळ पगाराच्या १५ टक्के. घरात दुसरी मिळकत नसेल किंवा जुनं घरकर्ज, वाहनकर्ज चालू असेल, तर १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. सगळे हप्ते मिळून एक तृतीयांशाच्या पुढे गेले, की माझ्या अनुभवात माणूस डबल ड्युट्या मागायला लागतो. वरच्या उदाहरणातला १.७८ चा हप्ता १५ टक्क्यांत बसवायचा, तर महिन्याचा पगार ११.९ हवा, म्हणजे वर्षाला साधारण १४३. उलटं वाचलं तर: १० टक्के व्याज, चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि दहा वर्षांची परतफेड या बेतात, मंजूर कर्ज पहिल्या वर्षाच्या हाती येणाऱ्या मूळ पगाराच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. वर्षभराच्या पगाराइतकं कर्ज घेतलंत तर हप्ता २१ टक्क्यांवर जातो. जमतं, पण मग ते दोन महिने घरी बसणं जमत नाही.

वयाचंही गणित घाला. ४२व्या वर्षी परवाना मिळवून पंधरा वर्षांची मुदत घेतली, की शेवटचा हप्ता ५८व्या वर्षी पडतो, सुटीचं वर्ष धरून. वॉर्डात उभं राहून काम करण्याची ताकद तोवर तशीच असेल का? ओपीडी, शिक्षण, संसर्ग नियंत्रण, अशा तुलनेने बसून करायच्या कामांकडे मधेच वळावं लागेल, आणि त्यासाठी आणखी एखादा अभ्यासक्रम लागू शकतो. त्याची फी आजच कुठेतरी पेन्सिलीने लिहून ठेवा.

पायरी ६: माफी, बॉन्ड आणि ‘आम्ही भरतो’

कर्जमाफीच्या योजना खऱ्या असतात, पण त्या अटींवर जगतात. अमेरिकेतल्या सार्वजनिक सेवा कर्जमाफीत पात्र संस्थेत काम करत १२० पात्र हप्ते भरल्यावर संघराज्य सरकारकडून घेतलेलं उरलेलं कर्ज माफ होतं. तिथे खरी मेख मालक कोण ही आहे. सरकारी किंवा ना-नफा रुग्णालयात काम करताय, पण पगार खासगी एजन्सी देते, तर सामान्यतः ती सेवा धरली जात नाही. तिथल्याच नर्स कोअर योजनेत नर्सांच्या तुटवड्याच्या ठिकाणी दोन वर्षं काम केलं, की शैक्षणिक कर्जाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदत मिळते, तिसरं वर्ष मंजूर झालं तर आणखी २५ टक्के. मात्र अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ती मिळत नाही.

आणि योजना बदलतात. इंग्लंडने नर्सिंग विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती २०१७मध्ये बंद करून कर्ज आणलं, आणि २०२०मध्ये परत न करायचं अनुदान पुन्हा सुरू केलं. मधल्या तीन वर्षांत प्रवेश घेतलेल्यांचा दोष काय? काही नाही. म्हणून माफी धरून हिशेब जुळत असेल आणि न धरता कोसळत असेल, तर तो हिशेब जुळलेला नाही.

बॉन्ड ही वेगळी चीज. रुग्णालय फी भरतं आणि बदल्यात दोन-तीन वर्षं तिथेच काम करायचं. चांगला बॉन्ड कर्जापेक्षा उत्तम, मी नाकारत नाही. पण कागद घरी आणून वाचा. मधेच सोडल्यास भरायची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते? त्यांनीच तुम्हाला काढलं तर काय? वॉर्ड ते ठरवणार की तुम्ही? बॉन्डच्या काळातला पगार बाहेरच्या पगारापेक्षा किती कमी आहे? हा शेवटचा फरक महिन्यांनी गुणा. पुष्कळदा ‘फुकट’ शिक्षणाची किंमत त्यात वसूल झालेली दिसते. मूळ प्रमाणपत्रं किंवा पासपोर्ट ठेवून घेणार असतील तर तिथून उठा. ओळखपत्रं अडकवून ठेवणं आणि कर्जात जखडणं, ही दोन्ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सक्तीच्या मजुरीच्या खुणांच्या यादीत आहेत.

परदेशात जाऊन कर्ज फेडायचा बेत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की भरतीचं शुल्क कामगाराकडून घेऊ नये, हे त्याच संघटनेच्या १९९७च्या १८१ क्रमांकाच्या करारात लिहिलेलं आहे. नोकरी लावून देण्यासाठी मोठी रक्कम मागणारा दलाल तुमच्या शैक्षणिक कर्जावर दुसरं कर्ज चढवतो. भाषेची परीक्षा, नोंदणी, व्हिसा यांत जाणारी वर्षं बघता, हप्ता आधी इथल्याच पगारात बसायला हवा.

पायरी ७: जामीनदाराला सगळे आकडे दाखवा

हे मी थोडक्यात सांगते, पण टाळू नका. तुमच्या कर्जावर आई-वडील, नवरा-बायको किंवा भाऊ सही करणार असेल, तर वरचे सगळे कागद त्यांच्यासमोर ठेवा, अर्धवट सोडावं लागलं तर काय, यासकट. घर तारण ठेवायची वेळ येत असेल, तर मी नको म्हणेन. कर्जदाराच्या मृत्यूत किंवा अपंगत्वात कर्जाचं काय होतं हेही बँकेला विचारा, आणि लागल्यास तेवढ्या रकमेचा साधा मुदत विमा घ्या. रात्रपाळ्यांचं बोलणंही याच बैठकीत उरका. सणाच्या दिवशी तुम्ही घरी नसाल, हे लोकांना हप्त्यापेक्षा जास्त लागतं.

पायरी ८: सहा महिन्यांची रंगीत तालीम

जुनी नोकरी चालू असतानाच ही तालीम करा. पाचव्या पायरीत काढलेला मूळ पगार घ्या. महिन्याच्या पहिल्या दिवशी तेवढीच रक्कम घरखर्चाच्या खात्यात टाका आणि त्यातून होणारा हप्ता लगेच वेगळ्या खात्यात काढून ठेवा. उरलेल्यावर महिना काढा. जुन्या पगारातलं जे वर राहील त्याला हात लावू नका, ते सहा महिन्यांच्या रिकाम्या काळासाठी साठू द्या.

पहिला महिना उत्साहात निघतो. दुसऱ्यात कुणाचं तरी लग्न येतं. मी तिसऱ्या महिन्यात अडकले, दाताच्या डॉक्टरकडे. त्या महिन्यात मी वेगळ्या खात्यातून पैसे काढले आणि किती काढले ते वहीत लिहून ठेवलं. सहा महिन्यांनी अशा नोंदी तीन झाल्या होत्या. तिन्हींची बेरीज केली, सहाने भागली, आणि आलेली रक्कम ठरवलेल्या हप्त्यातून वजा केली. जो हप्ता उरला त्यावरून मागे जात कर्जाचा नवा आकडा काढला. तो मूळ आकड्याच्या तीन चतुर्थांश आला. मग मी अर्जावरची रक्कम खोडली, त्या वर्षीचा प्रवेश सोडला, आणि कमी पडणारी रक्कम जमवायला आणखी अकरा महिने हिशेबाच्या त्याच टेबलावर बसले.